छबीची पावडर

प्रिय छबे,

अक्षर ओळखलंस की नाही, ठाऊक नाही. चौदा वर्षांत ते बरंच बिघडलंय. चष्म्याच्या दुकानात दिवसभर नंबर लिहून लिहून माझी अक्षरंही आता आकड्यांसारखीच दिसतात. पाकिटावर माझं नाव मी मुद्दामच टाकलं नाही. टाकलं असतं तर तू न उघडताच फाडलं असतंस, आणि त्याबद्दल मी तुला दोष दिला नसता. आता उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच, एवढंच म्हणते. हे पत्र मी चार वेळा सुरू केलं. चारही वेळा जे सांगायचं ते पहिल्याच ओळीत लिहिलं आणि चारही वेळा कागद चुरगळून टाकला. एका ओळीत ते फार सोपं वाटतं, आणि मी त्यात फार बरी दिसते. म्हणून आता जसं घडलं तसं, पहिल्यापासून सांगते.

पहिली बातमी ऐकून तू हसशील. मी पावडर लावते. रोज. झाकणात आरसा असलेली गोल डबी आता माझ्या पर्समध्ये असते. हो, मीच ती. आंघोळीनंतर तोंडाला साधं क्रीमही न लावणारी, आणि तू आरशासमोर उभी राहिलीस की ‘झालं का नटीबाईंचं? आम्हालाही दात घासायचेत’ म्हणून न्हाणीघराचं दार बडवणारी. चोपन्नाव्या वर्षी मला ही हौस सुचली नाही, ती माझ्या गळ्यात पडली.

झालं असं की दुकानात काचा घासायचं मशीन आलं. जुने मालक थकले, आता त्यांची मुलगी बघते सगळं. पोरगी हुशार आहे, मनानेही वाईट नाही. सव्वीस वर्षं मी मागच्या खोलीत एप्रन बांधून काचा फ्रेमच्या मापाला घासत बसले. मशीन माझं दोन तासांचं काम बारा मिनिटांत करतं, वर चहासुद्धा मागत नाही. मला घरी बसवायचं तिच्या जिवावर आलं, म्हणून तिने मला पुढे काउंटरवर आणून बसवलं. पुढचं काम निराळं. गिऱ्हाइकाच्या अगदी समोर, नाकाला नाक लागेल इतक्या जवळ बसायचं, छोटी पट्टी धरून डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर मोजायचं, गरम हवेवर चष्म्याची काडी तापवून कानामागे बसेल अशी वाकवायची. मी त्यांच्याकडे बघायचं तसंच तेही माझ्याकडे बघणार. पहिल्याच आठवड्यात तीन जणांनी विचारलं, ‘बरं वाटत नाही का तुम्हाला?’ चौथ्याने तर उठून मलाच खुर्ची दिली. शनिवारी आमच्या या नव्या मालकीणबाई जवळ आल्या आणि फार चाचरत म्हणाल्या, ‘ताई, राग मानू नका, पण चेहऱ्याला जरासं काहीतरी लावत जा ना. लोक नंबर काढायला येतात आणि तुमची चौकशी करून जातात.’

तू कामाला होतीस त्याच दुकानात मी गेले. असल्या वस्तू दुसरीकडे कुठे मिळतात हे मला कुठे माहीत होतं? पहिल्या मजल्यावर, जिन्यालगतच्या त्याच काउंटरवर तुमच्या मोठ्या बाई अजून उभ्या असतात. केस पूर्ण पांढरे झालेत, ओठ मात्र तसेच लालभडक. मी म्हटलं, रोज लावायला काहीतरी साधं द्या, लावलंय असं दिसायला नको. त्यांनी मला उंच स्टुलावर बसवलं, जबड्याच्या कडेला दोन-तीन छटांच्या रेघा ओढल्या आणि हाताला धरून मला सरळ जिन्याच्या खिडकीपाशी नेलं. म्हणाल्या, दुकानातले दिवे सगळ्यांनाच खूश करतात, त्यांचं ऐकायचं नाही. मग एक गोल डबी काढून त्यांनी मला शिकवलं. सुटी पावडर उडते आणि कपड्यांवर सांडते, ही दाबून वडीसारखी बसवलेली असते, म्हणून रोजच्याला हीच बरी. डबीतला मऊ फुगा, म्हणजे पफ, पावडरीवर हलकेच टेकवायचा, मनगटावर झटकायचा आणि मग चेहऱ्यावर नुसता दाबायचा. ‘घासू नका. भांडी नाहीत ती.’ आधी नाकाच्या दोन्ही बाजू, मग कपाळाचा मधला भाग, मग हनुवटी. गालांना उरलंसुरलं. मी डबी घेऊन उठणार तेवढ्यात त्या माझ्या चेहऱ्याकडे बघतच राहिल्या आणि म्हणाल्या, ‘तुम्ही आमच्या धाकटीच्या ताई ना? हनुवटी तीच आहे.’ मी मान डोलावली. त्यांनी माझ्या हातातली डबी काढून घेतली आणि खालच्या खणातून दुसरी काढून दिली. काळं झाकण, त्यावर सोनेरी कडी. म्हणाल्या, जुनीच चीज आहे, आता फारसं कुणी मागत नाही, पण ती इथे होती तेव्हा हीच लावायची.

सोमवारी सकाळी न्हाणीघरात मी ती पहिल्यांदा लावली. तुला सांगते, अशी फजिती झाली की विचारू नकोस. घाबरून हात जड पडला आणि भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या. पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसत होते. तोंड धुतलं, पुन्हा लावली, पुन्हा धुतली. तिसऱ्या वेळी बाईंनी सांगितलं होतं तशी नुसती दाबली. मग आरशात मी बरी दिसले, छबे. बरी म्हणजे झोप झालेल्या माणसासारखी. मला त्याचीच इतकी लाज वाटली की मी पटकन दिवा बंद केला आणि आईचा नाश्ता घेऊन तिच्या खोलीत गेले.

आता आईचं सांगते. अडीच वर्षांपूर्वी तिला विसरायला होऊ लागलं. आधी गॅस चालू राहायचा, किल्ल्या फ्रीजमध्ये सापडायच्या, तोवर आम्ही दोघी हसायचो. मग नावं गेली, मग माणसं जायला लागली. शेजारीण गेली, डॉक्टर गेले आणि एका सकाळी मी गेले. तिने माझ्याकडे अगदी सभ्यपणे बघून विचारलं, ‘बाई, तुमची ड्यूटी किती वाजेपर्यंत असते?’ मला वाटलं चेष्टा करतेय. पण ती चेष्टा नव्हती. त्या दिवसापासून मी घरात कामाला ठेवलेली बाई झाले. दिवसा तिला सांभाळायला मावशी यायच्या, त्यांना ती मैत्रीण समजायची आणि मला मोलकरीण. एकदा तर मला समोर बसवून म्हणाली, ‘तुम्ही मनाने चांगल्या आहात, पण तुमचा हात फार जड आहे हो.’ मी तिला आंघोळ घालायचे, तिचे केस विंचरायचे, तिची औषधं डबीत वारांप्रमाणे लावायचे, आणि ती मला ‘अहो’ म्हणायची. सगळं विसरली, पण तू मात्र तिच्यातून गेली नव्हतीस. ‘छबी आली का शाळेतून?’ ‘छबीला स्वेटर दिला का?’ मी म्हणायचे, येईल, दिला. शेवटी शेवटी तर ती जेवेनाशी झाली होती. चमचा दिसला की ओठ घट्ट मिटायचे. तीन महिन्यांत तिचं वजन सात किलोंनी उतरलं होतं.

तर त्या सोमवारी मी तिच्या गळ्याशी रुमाल बांधायला वाकले. तिने नाक वर केलं, लहान मूल स्वयंपाकाचा वास घेतं तसा वास घेतला. मग दोन्ही हातांनी माझी हनुवटी धरली आणि इतकं मोठं हसली, इतकं मोठं, की मला तिच्या मागच्या दाढेची चांदी दिसली. ‘छबे! आलीस?’ मी चक्क मागे वळून बघितलं. वाटलं, दारात तू उभी असशील. कुणी नव्हतं. ‘किती वाळलीस ग,’ ती म्हणाली, ‘तिथे जेवायला देत नाहीत का?’ मी म्हटलं, ‘देतात, पण तुझ्यासोबत जेवायला आलेय.’ आणि तिने तोंड उघडलं. अंडं खाल्लं, दुधात भिजवलेला पाव खाल्ला, अर्धं केळं खाल्लं आणि उरलेलं अर्धं माझ्या तोंडात घातलं. मी दुकानात पाऊण तास उशिरा पोचले. मालकीणबाई म्हणाल्या, आज छान दिसताय. मी मागच्या खोलीत मशीनच्या आडोशाला जाऊन रडून घेतलं आणि मग फुग्याने डोळ्यांखालचं झाकलं. तेव्हा कळलं की पावडर त्यालाही उपयोगी पडते.

मी हे ठरवून केलं असं समज नकोस. दुसऱ्या दिवशी पुन्हा होतंय का, एवढंच बघायचं होतं. झालं. रविवारी मुद्दाम चेहरा कोरा ठेवून गेले तर तिने मला बाई म्हटलं आणि चमच्यापुढे ओठ मिटले. मी तशीच उठून न्हाणीघरात गेले, पावडर लावून आले. ‘छबे, ती बाई गेली का ग?’ तिने हळूच विचारलं. तेव्हापासून रविवारसुद्धा सुटला नाही. हळूहळू मी शिकले. तू हसताना आधी श्वास आत घ्यायचीस, तो शिकले. पलंगावर पाय वर घेऊन बसायचीस, माझे गुडघे कुरकुरले तरी तशी बसायला लागले. मावशींना सगळं ठाऊक होतं. सकाळी दारातूनच विचारायच्या, ‘आज कोण आहे ड्यूटीवर? ताई का छबी?’ डबीच्या मधोमध पावडर झिजून तळाचा पत्रा दिसायला लागला, मग कडाही संपल्या. मी दुसरी आणली. त्या काळात आईचं वजन तीन किलोंनी वाढलं. डॉक्टर म्हणाले, हे कसं काय? मी म्हटलं, भूक लागायला लागली.

आणि छबे, आई बोलायची. माझ्याशी ती कधीच इतकं बोलली नव्हती. तिच्या लग्नाआधीच्या गोष्टी, बाबांना पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्यांच्या शर्टाचं बटण कसं तुटलेलं होतं ते, तू पोटात असताना तिला खडू खावासा वाटायचा ते. मी चोपन्न वर्षं तिच्यासोबत एका छपराखाली राहिले आणि यातलं काही मला माहीत नव्हतं. कधी कधी ती माझ्याबद्दलही सांगायची. ‘ताई घरात आहे का?’ असं आधी विचारून घ्यायची, मी ‘कामावर गेलीय’ म्हटलं की तिचा जीव भांड्यात पडायचा. ‘ती तोंड पुसते ना, कातडी सोलून निघते. पण बोलायचं कसं? सगळं तीच करते ना.’ मी तेव्हापासून टॉवेल कोमट पाण्यात भिजवून टिपायला लागले. इतकी साधी गोष्ट होती. मला कुणी सांगितली नव्हती, आणि सांगितली तेव्हा ती तुला सांगितली.

बाबा गेले त्या दिवसाबद्दल आता लिहायला हवं. तुला ते माझ्याकडून ऐकायची गरज नाही, पण मला एकदा ते तुझ्यासमोर लिहायचंय. तुमच्याकडे त्या दिवशी गिऱ्हाइकांना मेकअप करून दाखवायचा कार्यक्रम होता आणि तो तुझ्याच चेहऱ्यावर दाखवत होते. मी हॉस्पिटलात, वॉर्डाबाहेरच्या फोनवरून दुकानात फोन केला. तू धापा टाकत फोनवर आलीस आणि विचारलंस, ‘ताई, लगेच निघू का?’ मी म्हटलं, ‘घाई नको. बाबा झोपलेत. काम संपवून सावकाश ये.’ बाबा चार वाजता गेले. तू साडेपाचला आलीस, पापण्यांवर रंग, गालांवर रंग, ओठ रंगवलेले, तशीच धावत. आई खोलीच्या दारात उभी होती. ‘नटून आलीस? बापाला पोचवायला नटून आलीस?’ असं म्हणून तिने ओला टॉवेल घेतला आणि सगळ्या पाहुण्यांसमोर तुझं तोंड पुसायला लागली. काकू होत्या, शेजारचे होते, नर्स होती. तू हात खाली सोडून उभी होतीस. अर्धा चेहरा पुसून झाला तेव्हा तू टॉवेलवरून माझ्याकडे बघितलंस. एक वाक्य पुरलं असतं. ‘आई, मीच तिला सावकाश ये म्हटलं होतं.’ मी टॉवेल भिजवायचं भांडं धरून उभी होते आणि भांड्यातल्या पाण्याकडे बघत होते. मग तू आईचा हात बाजूला केलास आणि तशाच अर्ध्या चेहऱ्याने जिना उतरून गेलीस.

आम्ही तुझं नाव घरात काढलं नाही. आई काढायची नाही आणि मी काढू द्यायचे नाही. मला वाटायचं, आईला माझी चूक ठाऊक नाही, आणि ते माझं मला सांभाळायचंय. चौदा वर्षं मी ते सांभाळलं. तिची औषधं, तिचे गुडघे, तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळं केलं ते त्याच भीतीने, असं आता वाटतं. माया नव्हती असं नाही, पण तिच्या तळाशी ही भीती होती.

एका रविवारी दुपारी आईचं जेवण झालं होतं. मी पलंगावर पाय घेऊन बसले होते. तिने गळ्याचा रुमाल सोडला आणि त्याचं टोक माझ्या गालाशी आणलं. मी तशीच थांबले. तिने हात मध्येच मागे घेतला. ‘नाही पुसत,’ ती म्हणाली, ‘राहू दे. छान दिसतेस.’ मग ती रुमालाच्या घड्या घालायला लागली आणि एकदम म्हणाली, ‘तुला ताईनेच सांगितलं ना ग, सावकाश ये म्हणून?’ ‘मी तिच्या मागेच बाकावर बसले होते,’ आई म्हणाली. ‘डोळे मिटले होते, कान मिटले नव्हते. डॉक्टर तिला काय म्हणाले तेही ऐकलं आणि ती तुला काय म्हणाली तेही.’ मी तुझ्या आवाजात विचारलं, ‘मग तेव्हा बोलली का नाहीस?’ तिने माझ्याकडे बघितलं. त्या क्षणी तिचे डोळे अगदी स्वच्छ होते, छबे, आजारी माणसाचे नव्हते. ‘तू जाणारी होतीस,’ ती म्हणाली. ‘आज ना उद्या गेलीच असतीस. ती राहणारी होती. हे गेल्यावर मला राहणारी हवी होती. तिच्यावर ओरडले असते आणि तीही गेली असती तर?’ मग तिने माझे दोन्ही हात धरले. ‘मी मुद्दाम तुझ्यावर काढलं ग. सगळ्यांसमोर काढलं. मला माफ करशील?’

मी काय करायला हवं होतं? सांग ना. मी ताई आहे असं सांगायला हवं होतं? तिने मला बाई म्हणून बाहेर घालवलं असतं आणि तिची माफी तिच्या घशातच राहिली असती. मी म्हटलं, ‘केलं, आई. केव्हाच केलं.’ तिने सुस्कारा सोडला आणि पाच मिनिटांत झोपली. मी न्हाणीघरात गेले, साबण लावून तीन वेळा तोंड धुतलं. परत येऊन तिच्या उशाशी उभी राहिले. मला तिला विचारायचं होतं, राहणारी हवी होती ना, मग मी राहिले तर तू माझ्याशी बोललीस का नाहीस? चौदा वर्षं तुला सगळं माहीत होतं तर एकदा तरी मला शिव्या का दिल्या नाहीस? मी निदान मोकळी झाले असते. ती जागी झाली, माझ्या कोऱ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘कोण पाहिजे?’

डॉक्टर त्या दिवशी मला काय म्हणाले होते, ते तुला आजपर्यंत माहीत नाही. ते म्हणाले होते, ‘संध्याकाळ निघणार नाही. बोलवायचं असेल त्यांना आत्ता बोलवा.’ त्यानंतर मी तुला फोन केला. बाबा सकाळपासून ‘छबी कुठंय, छबी कुठंय’ करत होते. तेरा दिवस त्यांच्या उशाशी मी होते, छबे. मला वाटलं, तू आलीस की ते तुझ्याकडे बघतील आणि मी पुन्हा खोलीतल्या खुर्चीसारखी होईन. मला त्यांचे दोन-तीन तास हवे होते. नुसते माझे. मिळाले. त्या दोन-तीन तासांत त्यांनी डोळे उघडले नाहीत.

आता ती बातमी, जी मी चार वेळा पहिल्या ओळीत लिहिली आणि फाडली. आई गेली. आज तीन आठवडे झाले. मंगळवारी सकाळी नाश्ता घेऊन गेले तर तिला धाप लागली होती. मावशी डॉक्टरांना बोलवायला धावल्या. मी तिला उठवून छातीशी धरून बसले होते. चेहऱ्याला अजून काही लावलेलं नव्हतं, तरी तिने मला बाई म्हटलं नाही, छबीही म्हटलं नाही. काहीच म्हटलं नाही. माझ्या बाहीची कड मुठीत धरून ठेवली होती, ती नंतर मावशींनी सोडवली. तिला फार त्रास झाला नाही, एवढं तुला सांगू शकते. निरोपाला माणसं थोडी होती. मोठ्या बाईंनी दुकानातून फुलं पाठवली होती.

आणि हेच सांगायला बसले आहे. मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी, सात महिन्यांपूर्वी, त्या डबीबरोबर तुझा पत्ताही लिहून दिला होता. म्हणाल्या, ‘धाकटीचं अजून वर्षातून एकदा पत्र येतं, आणि दर पत्रात ती आईची चौकशी करते. कळवा हो तिला.’ मी हो म्हटलं. सात महिने तो कागद माझ्याकडे होता आणि सात महिने आई रोज तुला हाक मारत होती. तू दोन दिवसांत पोचली असतीस. ती तुला ओळखत होती, छबे. मला नाही, तुला ओळखत होती. तू आली असतीस तर तिने तुझी हनुवटी धरली असती आणि माफी तुझ्याकडे मागितली असती. मग माफ करायचं की नाही ते तू ठरवलं असतंस. पण तू आली असतीस तर मी पुन्हा कामाची बाई झाले असते. मला ते जमलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा आई माझ्याकडे बघून हसत होती, ते मला तुला परत द्यायचं नव्हतं. बाबांच्या वेळी तीन तासांसाठी केलं, आईच्या वेळी सात महिन्यांसाठी केलं. तिने मागितलेली माफी तुझी आहे, तेवढी पोचवते. तुझ्या नावाने मी ‘केलं’ म्हटलं, ते तुझ्यावर बंधनकारक नाही. तुला नसेल करायचं तर करू नकोस, तिच्याबाबतीतही आणि माझ्याबाबतीत तर नकोच. मी मागत नाही. फक्त तुझ्या आईने तुला वाऱ्यावर सोडलं नव्हतं, शेवटपर्यंत ती तुझीच वाट बघत होती, आणि तू पोचली नाहीस ती तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे, हे तुला माहीत नसताना तू आणखी एकही दिवस जगू नयेस, म्हणून लिहिलं.

लिहायचा हक्क नाही, तरी दुसरं काही लिहवत नाही, म्हणून
तुझीच,
ताई